राखणदार कोण?

बेळ्ळंदूर हे बंगळुरू शहरातील सर्वांत मोठे तळे. 2015 साली त्याचा पांढरा फेस वाऱ्याने रस्त्यावर उडू लागला आणि त्याच वर्षी त्याने पेटही घेतला. 2017 व 2018 मध्ये तेथे पुन्हा आग लागली. पाणी पेटावे, हे ऐकून संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील न्यायाची चित्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु येथे आकाशातून अग्नी पडला नव्हता. घराघरांतले सांडपाणी, साबणाचा फेस, कारखान्यांचा मळ आणि काठावरचा कचरा यांनी ते सरण आपणच रचले होते.

अशा पाण्यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ आता जीवाणूंकडे पाहत आहेत. मातीत व पाण्यात वसणारे कित्येक जीवाणू तेलासारखी द्रव्ये पचवतात. निर्माणकर्त्याने सृष्टीत ठेवलेली सफाईची ही व्यवस्थाच म्हणावी. 2012 साली पुढे आलेल्या क्रिस्पर या साधनामुळे जीवाणूच्या जनुकांत नेमक्या जागी बदल करून ही शक्ती वाढवणे सोपे झाले आहे. त्यापूर्वीच आनंद मोहन चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनुकांचे मिश्रण करून तेल पचवणारा जीवाणू घडवला होता. अशा सजीवाला पेटंट देता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

हे देवाच्या अधिकारात हात घालणे आहे काय? आपल्यांतील पुष्कळ जण चटकन ‘होय’ म्हणतील. पण विरजण लावणारी गृहिणी आणि कलम बांधणारा माळीही सृष्टीत फेरबदल करतच असतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला बागेत ठेवतो, तेथे मूळ इब्री भाषेत दोन क्रियापदे आहेत. ‘आबाद’ म्हणजे कष्टणे, सेवा करणे. ‘शामार’ म्हणजे राखणे, जपणे. पहिले क्रियापद प्रयोगशाळेला मोकळीक देते, तर दुसरे तिला मर्यादा घालते. जीवाणू आपली जनुके शेजारच्या जीवाणूंना देतात. एकदा पाण्यात सोडलेला जीव परत बोलावता येत नाही. म्हणूनच भारतात 1989 च्या नियमांनुसार असे जीव मोकळे सोडण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. ही सावधगिरी राखणदाराच्या कर्तव्याचाच भाग आहे.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. हेच ‘शामार’ क्रियापद दोन अध्यायांनंतर काइनाच्या तोंडी येते. भाऊ कोठे आहे असे देवाने विचारताच, मी काय त्याचा राखणदार आहे, अशा अर्थाचे उलट उत्तर तो देतो. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी पवित्र शास्त्र एकच शब्द वापरते. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तळ्यातून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि तमिळनाडूत शिरते. आपला भाऊ तेथे खालच्या अंगाला शेती करतो. जीवाणूने आपली घाण खाल्ली की आपण बिनदिक्कत आणखी घाण सोडावी, असे कोणी ठरवले तर तो जीवाणू वरदान न राहता पापावरचे पांघरूण होईल. शिवाय शिसे, पारा यांसारखे धातू कोणताही जीवाणू नाहीसे करू शकत नाही. त्यांचे रूप तेवढे पालटते.

जक्कयाचा पश्चात्ताप आठवा. त्याने लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. परंतु एका हाताने परत करीत दुसऱ्या हाताने लुबाडत राहीन, असे तो म्हणाला नाही. जीवाणूंची ही विद्या आपल्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई ठरू शकते आणि त्यासाठी देवाचे उपकार मानावेत. मात्र ती पश्चात्तापाची जागा घेऊ शकत नाही. आपल्या घराचे, मंडळीच्या आवाराचे, संस्थेच्या वसतिगृहाचे सांडपाणी शुद्ध न होता कोठे जाते, याची चौकशी करण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. राखणदाराचे काम तेथूनच सुरू होते.