पडक्या किल्ल्यावरचे हसणे

बालाघाटातील एका ख्रिस्ती घरी भिंतीवर जुन्या कॅलेंडरचे एक चित्र टांगलेले आहे. मागे डोंगर, भोवती गर्द झाडी आणि उंच टेकडीवर पांढऱ्या मनोऱ्यांचा राजवाडा. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातला हा नॉयश्वानस्टाइन. राजा दुसरा लुडविग याने तो १८६९ साली बांधावयास घेतला. १८८६ साली राजा वारला तेव्हाही तो अपुराच होता. दिसावयास गड, पण तो लढाईसाठी नव्हे, एका राजाच्या स्वप्नासाठी बांधलेला. "आपल्याकडे असे काही नाही का?" असे मंडळीतील तरुणांनी विचारले, आणि त्यांच्या हट्टाखातर आम्ही गाविलगड पाहावयास निघालो.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचले की किल्ला जवळच आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने तो १४२५ साली सातपुड्याच्या कड्यावर बांधला. कोरीव कामाचा दिल्ली दरवाजा, आत तळी, गवतात पडलेल्या तोफा, आणि खाली धुक्याने भरलेली दरी. मुलांनी फोटो काढले, गाणी म्हटली. आम्हीही तटावर बसून शिदोरी सोडली. मन प्रसन्न झाले.

निघताना दरवाजापाशी आम्ही इतिहास सांगितला. १५ डिसेंबर १८०३ रोजी, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आतल्या तटावर चढली व तिने दरवाजा उघडला. मग मोठी कत्तल झाली. किल्लेदार बेणीसिंह पडला. दरवाजांपाशी प्रेतांचे ढीग लागले. मंडळीतील एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, मग आपण इथे हसलो ते चुकलं का?"

त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही.

"फार जुनी गोष्ट आहे," असे म्हणणे सोपे होते. परंतु रक्त पुसावयास किती वर्षे लागतात? १६ डिसेंबरला आम्ही तेथे गेलो असतो तर त्या दरीला कोणी सुंदर म्हटले असते काय? दगड तेच आहेत. रडणारे मात्र उरले नाहीत. म्हणजे आमची प्रसन्नता त्यांच्या नसण्यावर उभी होती. उलट, "तेथे हसूच नये," असे म्हणावे तर पृथ्वीवर हसावयास जागा कोठे उरेल? माणसाचे दुःख झाले नाही असे गाव कोणते? त्या तटावर गवत देवच उगवतो.

पण एक गोष्ट आम्हांला अधिक बोचली. शिडीची हकीकत आम्ही रंगवून सांगितली आणि चढणाऱ्यासाठी मुलांचे डोळे चमकले. दरवाजात मेलेले मात्र आमच्या कथेत नुसते ढीग होते. त्या वेळी आपल्या लांजीचा मुलूखही भोसल्यांचाच होता. त्या ढिगात इकडचा कोणी नसेल असे कोण सांगेल? शिवाय चढाईचा हुकूम देणारे आपल्याच प्रभूचे नाव सांगणारे होते. हल्ल्यात हिंदी शिपाईही होते हे खरे, पण त्याने आपली जबाबदारी संपत नाही. त्याच प्रभूचे नाव आपण घेतो, म्हणून ती कथा आपण तरी विजयाची म्हणून सांगू नये.

शिष्यांनी मंदिराचे प्रचंड दगड प्रभूला कौतुकाने दाखविले. प्रभूने त्यांना पाहण्याची मनाई केली नाही. परंतु त्याच यरुशलेमेकडे पाहून तो रडला होता, कारण त्याला दगडांच्या आतली लेकरे दिसत होती. शिष्यांची नजर दगडांवरच थांबली. आमचीही तेथेच थांबली होती.

म्हणून त्या मुलीला आता उत्तर देतो. बाळ, हसलो हे चुकले नाही. कोणाच्या दारातून आत जात आहोत हे न विचारता आत गेलो, ते चुकले. आणि ती चूक तुम्हां मुलांची नव्हे, सांगणाऱ्याची. पुढच्या खेपेस इतिहास परतताना नव्हे, आत शिरण्याआधीच सांगू. दरवाजापाशी क्षणभर उभे राहू, मेलेल्यांची आठवण करू, आणि मग आत जाऊन शिदोरी सोडू.