नवी हळद

सांगलीतली एक मुलगी. अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हाच सीए व्हायचं ठरवून बसली होती. इंटरमिजिएटचा पहिला ग्रुप निघाला, दुसरा काही निघेना. एकेका पेपरात 40 मिळायचे, पण ग्रुपची बेरीज 50 टक्क्यांवर जाईना. आणि सीएच्या परीक्षेत दोन्ही लागतं. बरोबरीची मैत्रीण एमबीए करून पुण्यात नोकरीला लागली. लग्नकार्यात नातेवाईक भेटले की "अजून तेच चाललंय का गं?" एवढंच विचारायचे.

घरात बसून तरी काय करणार, म्हणून ती मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दुपारी हिशेब लिहू लागली. तिथल्या म्हाताऱ्या दिवाणजींनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवण्याआधी सौद्याला नेलं. हळकुंड मोडून आतला रंग बघायला लावलं, हळकुंड आणि गड्डा यांचे ढीग वेगळे दाखवले. मग हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी कशी करायची ते शिकवलं. "पोरी, रुपये मागाहून लिही, आधी माल बघ," हे त्यांचं पालुपद. तिला ते कंटाळवाणं वाटे. खरं शिक्षण अडलंय आणि आपण इथं वेळ काढतोय, अशी तिची पक्की समजूत होती.

पुढे तिने सीएचा नाद सोडला, एम.कॉम. केलं आणि परीक्षा देऊन एका बँकेच्या कर्ज विभागात लागली. अर्जात तिने अडत दुकानाचा उल्लेखही केला नव्हता. फायनान्सच्या नोकरीला जाताना पोत्यांचा हिशेब कशाला सांगायचा!

डिसेंबरात एका हळद व्यापाऱ्याची फाइल आली. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चांगल्या कॉलेजातून शिकून आलेला, कामाला चोख. त्याने ताळेबंद तपासला, चालू गुणोत्तर 1.33 च्या वर होतं. नोव्हेंबरअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटात 40 लाखांचा माल. 25 टक्के मार्जिन वजा जाता 30 लाख उचलता येतील, असं गणित मांडलं. गणितात चूक नव्हतीच.

तिने तोच कागद वाचला. 'नवी हळद, राजापुरी, 400 क्विंटल.' ती उठून मॅनेजरांकडे गेली.

"साहेब, ही हळद कुठून आली?"

"म्हणजे?"

"हळद लावतात मे-जूनात. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. सांगलीत नवा माल येतो जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. नोव्हेंबरात 400 क्विंटल नवी हळद असेल कशी?"

दुसऱ्या दिवशी तिघे गोदामावर गेले. पुढच्या रांगेत हळदीची पोती होती, मागे रिकाम्या बारदानाची थप्पी. तिने एका पोत्यातून हळकुंड काढून मोडलं. आत कीड लागलेली. माल गेल्या हंगामातला.

परतताना मॅनेजरांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"नापास झाले होते तेव्हा, साहेब."

"मग अर्जात लिहिलं का नाहीत?"

तिला उत्तर सुचलं नाही. ज्या दोन वर्षांना ती तोटा समजत होती, त्याच वर्षांनी बँकेचा तोटा वाचवला होता. मात्र म्हणून सहकाऱ्याचं शिक्षण हलकं ठरत नाही. मार्जिन, गुणोत्तरं हे सगळं तीही शिकली होती म्हणूनच कर्जाच्या कागदावरच्या त्या ओळीचं वजन तिला कळलं. नुसत्या यार्डातल्या माणसापुढे ती फाइल कधी आलीच नसती.

त्या व्यापाऱ्याची मर्यादा वाढली नाही. तुम्ही नोकरीचा अर्ज भरायला बसाल तेव्हा नापास झालेली परीक्षा हवी तर गाळा, पण त्या काळात ज्या दुकानात बसून काम केलंत, त्याचं नाव जरूर लिहा.