माती सोडणाऱ्याची निष्ठा

माणसाने एकदा धरलेली वाट सोडून दुसरी धरली की समाज त्याच्याकडे सर्वप्रथम हिशेब मागतो तो निष्ठेचा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या धर्मग्रामांत असे घर विरळाच, जिथे हा हिशेब मागितला गेला नसेल. वडिलोपार्जित जमीन भावाच्या हवाली करून पुण्याच्या कारखान्यात गेलेला मुलगा, मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलेली नात, परिचारिका होऊन आखातात गेलेली सून, या सर्वांनी केव्हा ना केव्हा ‘आपलं ते सोडलंस’ हे वाक्य ऐकलेले असते. सोडणे म्हणजे फितुरी करणेच काय, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे आणि तो दिसतो तितका सोपा नाही. त्याचा विचार आम्ही येथे कुस्तीच्या आधारे करणार आहोत. कृष्णा आणि वारणेच्या काठच्या वाचकांना कुस्ती समजावून सांगावी लागत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, या दोन जिल्ह्यांतील काही मल्लांनी हा प्रश्न आपल्या अंगावर घेऊन सोडविला आहे.

मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती ही एकाच खेळाची दोन नावे नव्हेत. मातीत जोवर पाठ टेकत नाही तोवर कुस्ती संपत नाही. ती निकाली व्हावी हीच जत्रेच्या मैदानाची अपेक्षा. हलगीचा कडकडाट चालू असतो, वस्ताद काठावर उभे असतात, आणि तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती पैलवानाचे पाय धरून ठेवते. (याकोबाने नदीकाठी रात्रभर, उजाडेपर्यंत जी झुंज दिली ती आम्हास नेहमी मातीचीच वाटत आली आहे. तिला घड्याळ नव्हते, आणि मांडी लचकली तरी त्याने मिठी सोडली नाही.) गादीवर मात्र काळ मोजलेला असतो. पाठ टेकली नाही तरी पंच निवाडा देतात, आणि मातीत मुरलेला संथपणा तेथे दोष ठरतो. ग्रीको-रोमन पद्धत तर त्याहून निराळी. तीत कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाने डाव टाकायचा नाही. ज्याने लहानपणापासून एकेरी पट, दुहेरी पट घोटले, ज्याचा हात समोरच्याचा पाय दिसताच आपोआप खाली जातो, त्या मल्लाला हे बंधन म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना करून पाहावी.

शिराळा तालुक्यातील पुनवत गावचे गणपतराव आंदळकर याच मातीतून आले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत ते गादीवर उतरले आणि त्यांनी सुवर्णपदक मिळविले ते ग्रीको-रोमन पद्धतीत. पाय धरण्याची मुभा असलेल्या फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रौप्य मिळाले. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी नेमके उलट करून दाखविले : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्याचे दोन मल्ल, दोन नियमावल्या, चार पदके. पुढे १९६४ साली माने हिंदकेसरी झाले आणि आंदळकर टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळले. आंदळकरांनी नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत मुलांच्या पिढ्या घडविल्या. म्हणजे गादीवर गेलेला हा माणूस माती विसरला नव्हता. त्यांना कोणी फितूर म्हटले नाही. का म्हटले नाही?

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची मीमांसा करताना एक भेद सांगितला आहे, तो येथे उपयोगी पडतो. काही नियम मानवी स्वभावातून व विवेकातून थेट निघतात. ते कोणी केले म्हणून नव्हे, तर माणूस हा माणूस आहे म्हणून बंधनकारक असतात. दुसरे नियम हे त्या मूळ तत्त्वाला दिलेले विशिष्ट रूप होय. घर असावे हे कारागिराला ठाऊक असते, पण ते कोणत्या आकाराचे असावे हे तो ठरवितो, असे उदाहरण ते देतात. कमरेखाली धरू नये हा नियम दुसऱ्या प्रकारचा आहे. तो वेगळाही असू शकला असता, आणि आपल्या आखाड्यात तो वेगळा आहेच. तेथे पट काढणे ही कला आहे, ग्रीको-रोमनमध्ये तो अपराध; त्या कृतीत स्वतःचे असे पाप काही नाही. पण प्रतिस्पर्ध्याचे बोट मुद्दाम मोडणे, डोळ्यात माती टाकणे, हे कोणत्याही आखाड्यात अधमच. मल्ल मातीवरून गादीवर जातो तेव्हा तो दुसऱ्या प्रकारचे नियम बदलतो. पहिल्या प्रकारचे त्याच्याबरोबर जातात, नव्हे, गेलेच पाहिजेत. आणि फितुरी पाहायची असेल तर ती नुरा कुस्तीत पाहावी. नुरा खेळणाऱ्याने आखाडा बदललेला नसतो, लंगोट तोच, सलामी तीच, डावही सगळे शास्त्रशुद्ध. फक्त निकाल आधीच विकलेला असतो. जागा न सोडताही माणूस सारे काही सोडू शकतो, हे आपल्यातील जागेवर राहिलेल्यांनी ध्यानी घ्यावे असे आम्हास वाटते.

हा भेद न ओळखल्यास काय होते याचे उदाहरण इंग्लंडात सापडते. तेथे रग्बी या खेळाचे १८९५ साली दोन तुकडे झाले. उत्तरेकडील खाण व गिरणी कामगारांची खेळापायी बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, या वादातून ‘लीग’ वेगळी झाली; ‘युनियन’ने पैसे न घेण्याचे व्रत मिरविले. लीगमध्ये जाऊन पैसे घेणाऱ्या खेळाडूला युनियनचे दार जवळजवळ शंभर वर्षे, म्हणजे १९९५ पर्यंत, बंद असे. ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुखी होते त्याला ते व्रत सोपे होते. ज्याची चूल रोजंदारीवर पेटत होती त्याच्या नशिबी बहिष्कार. निष्ठेच्या नावाखाली पुष्कळदा सुखवस्तूंची सोयच जपली जाते! १९९५ नंतर दार उघडले आणि जेसन रॉबिन्सन नावाचा लीगचा खेळाडू २००० साली युनियनकडे आला; २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकरिता त्याने गुण मिळविले. या रॉबिन्सनला तारुण्यातील भरकटलेल्या दिवसांत ख्रिस्ताकडे वळविले ते त्याच्या संघातील सामोअन सोबती वाइगा तुइगामाला याने, आणि तो स्वतः युनियन सोडून लीगमध्ये आलेला होता. जुन्या लोकांच्या लेखी जो बाटलेला, त्याच्याच हातून एका माणसाला प्रभूची वाट सापडली.

संत पौलांना खेळाडूंचे मोठे आकर्षण असावे. करिंथ नगरीजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत, म्हणून करिंथकरांस लिहिताना त्यांनी शर्यतीचा, मुष्टियुद्धाचा आणि कोमेजणाऱ्या मुकुटाचा दाखला दिला, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. परंतु पहिल्या पत्राच्या त्याच नवव्या अध्यायात, त्या दाखल्याच्या अगदी आधी, ते आणखी एक गोष्ट सांगतात. यहुद्यांमध्ये आपण यहुद्यासारखे झालो, नियमशास्त्राबाहेरच्या लोकांमध्ये त्यांच्यासारखे झालो. मात्र देवाच्या नियमाबाहेर कधी गेलो नाही. हे दोन विचार शेजारी शेजारी यावेत हा योगायोग आम्ही मानीत नाही. व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन सोडून मराठीत मिस्सा अर्पण करू लागलेल्या आमच्या आधीच्या पिढीतील धर्मगुरूंनाही ही कसरत करावी लागली. शब्द बदलले, वेदीवर जे घडते ते बदलले नाही.

येथवर आपण जाणाऱ्याच्या निष्ठेची झडती घेतली. राहणाऱ्यांच्या निष्ठेचे काय? ही बाजू आपण क्वचितच विचारात घेतो, आणि खाशाबा जाधवांचे चरित्र ती विचारावयास भाग पाडते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा गादी त्याला नवीच होती. तरी तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याकरिता पैसा कमी पडला. तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज देऊन खाशाबा हरले, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु तो पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

नव्या नियमांच्या प्रदेशात गेलेला माणूस तेथे दुबळा असतो. डाव त्याला येतात, पण आपला हक्क कोठे व कोणाकडे मागावा हे त्याला ठाऊक नसते, आणि ते सांगणारे कोणी सोबत नसते. आपण त्याला निरोप देताना उपदेश करतो, परतल्यावर मिरवणूक काढतो. मधल्या त्या अर्ध्या तासात त्याच्या बाजूने उभे राहणारे आपल्यापैकी किती? परगावी गेलेल्या मुलाला तेथील धर्मग्रामात कोणी ओळखते का, परदेशातील सुनेच्या हाती पगार पडतो का, एवढी चौकशी करायला देखील आपणास सवड होत नाही. तिने रविवारची मिस्सा चुकविली काय, हे मात्र आपण आवर्जून विचारतो.

गोळेश्वर-कराडकरांनी खाशाबांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांनी केले, ते योग्यच झाले. पण त्या स्वागतानंतर खाशाबांनी काय केले ते अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले, असे सांगतात.