आंबलेलं आणि कालचं

जरा बसा.

श्वास येऊ द्या. तसाच जाऊ द्या.

कोरियातल्या एका घरातली ओट्यावरची कढई डोळ्यांपुढे आणा. तिच्यात किमची बोक्कुमबाप आहे, किमची घालून परतलेला भात.

आधी नुसता रंग पाहा.

मिरचीचा लाल, तेल सुटलं तिथे नारिंगी. वर एक अंडं. कडा कुरकुरीत, जाळीदार. बलक अजून थरथरतोय.

थोडं थांबा.

आता वास घ्या. पहिल्यांदा तिळाचं तेल येतं. त्याच्या मागून आंबट काहीतरी.

हा आंबटपणा मुरलेल्या किमचीचा. ताजी किमची या भातात फिकी पडते. कोबी, मीठ, लसूण, आलं, मिरची. आणि त्यांच्यात आठवडेच्या आठवडे राबलेले सूक्ष्म जीव. थंडीच्या तोंडावर घरचे आणि शेजारचे मिळून किमची घालतात. त्या कामाला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियातली ही प्रथा २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

पानापानाला मसाला चोळणारे ते हात पाहा. पाहत राहा.

कढईच्या आचेत ते जीव मरतात. त्यांनी तयार केलेलं आम्ल उरतं. कोबीचा चोथा उरतो.

भातही कालचा, गार झालेला. गार होताना त्यातलं थोडं पिष्ट असं बदलतं, की लहान आतड्यात ते पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना ते मिळतं. उरलेल्या भातात एवढं काही घडत असतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक दाणा निवडा. त्याच्यापाशी राहा.

श्वास.

आता चमच्यानं बलक फोडा. पिवळं सावकाश उतरू द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मिरचीतलं कॅरोटीन स्निग्धात विरघळतं. बलक आणि तेल यांच्या सोबतीनं ते अंगी लागतं.

पहिला घास घ्या. हळू चावा.

आंबट. तिखट. मग खारट.

खारटाकडे नीट लक्ष द्या. किमचीत मीठ बरंच असतं, म्हणून या भाताला वेगळं मीठ फारसं लागत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी वाढून घेतानाच हात आखडावा.

पुढचा घास. पुन्हा हळू.

आता पोटाचं ऐका. पुरे म्हणत असेल, तर चमचा खाली ठेवा. अजून जागा असेल, तर कढईच्या तळाला लागलेली खरवड काढून घ्या. ती चावायला वेळ लागतो. लागू द्या.