एकान्त कोणाच्या मालकीचा?

उपासनेला जागेचे बंधन आहे की नाही, हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना वाद असून शास्त्रकारांनी त्याला ‘देशनियम’ म्हटले आहे. देश म्हणजे येथे स्थळ, आणि नियम म्हणजे अमुक स्थळीच उपासना व्हावी असा दंडक. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेची लक्षणे दिली आहेत: जमीन सपाट आणि शुद्ध असावी, तेथे खडे, विस्तव आणि वाळू नसावी, जवळ पाणी असावे, जागा मनाला रुचणारी पण डोळ्यांना न खुपणारी असावी, आणि वाऱ्यापासून आडोसा देणारी गुहा असावी. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हाच प्रश्न पुन्हा येतो. पूर्वपक्षाचे, म्हणजे आधी मांडून मग खोडल्या जाणाऱ्या मताचे, म्हणणे असे की काही यज्ञांना पूर्वेकडे उतरती जमीन लागते, तसे उपासनेलाही निश्चित स्थळ असलेच पाहिजे. सूत्रकार हे मानत नाहीत. चित्त जेथे एकाग्र होईल तेथे बसावे, असा त्यांचा निर्णय आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य उपनिषदातील ती लक्षणे नाकारत नाहीत, पण त्यांच्या तपशिलात अडकून पडू नये हे सूत्रकार आचार्य साधकाचे सुहृद होऊन सांगत आहेत, असे म्हणतात, आणि जागा मनाला अनुकूल असावी या एकाच लक्षणात बाकी सगळ्यांचे तात्पर्य पाहतात. भाष्यग्रंथात इतक्या मायेने सोडवलेला प्रश्न क्वचितच सापडतो.

तरीही या निर्णयानंतर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याकडे भाष्यकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही. साधक मनाला रुचेल ती जागा निवडेल हे खरे. पण निवडायला तशी जागा उरलेली असावी, ती कोणी तोडलेली, खणलेली किंवा कुंपण घालून अडवलेली नसावी, याची तजवीज कोणी करायची?

या प्रश्नासाठी आधी एक दूरचे उदाहरण घेऊ. उपनिषदाच्या कसोटीवर उत्तर युरोपातील समुद्रकाठ सपशेल नापास ठरतो, कारण तेथे वाळूही आहे आणि वाराही. डेन्मार्कच्या झीलंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तिसविल्ड नावाचे गाव आहे. तेथे पांढुरक्या वाळूचा किनारा असून त्याच्या पाठीशी ‘तिसविल्ड हेग्न’ हे पाइन वृक्षांचे दाट जंगल उभे आहे, आणि वाऱ्याने व किडीने पिळवटलेल्या खोडांच्या त्याच्या एका भागाला लोक राक्षसांचे रान म्हणतात. पाहणाऱ्याला हे जंगल आदिम वाटते, पण ते माणसांनी लावलेले आहे. पूर्वीच्या पिढ्यांनी झाडे तोडली, गुरे चारली, वाळू धरून ठेवणारे गवत उपटले. परिणामी सोळाव्या शतकापासून वाळू वाऱ्याबरोबर आत सरकू लागली, शेते बुजली आणि टोरुप हे गाव वाळूखाली गेले. अठराव्या शतकात राजाज्ञेने शेतकऱ्यांना कामाला लावून, गवत लावून आणि फांद्यांचे व समुद्रशेवाळाचे थर देऊन वाळू थोपवण्यात आली, आणि या लढ्याची आठवण म्हणून 1738 मध्ये तेथे एक स्मारकस्तंभ उभारला गेला. वृक्षलागवड त्याच शतकाच्या अखेरीस सुरू झाली. आज ज्या निवांत वाळूवर मनुष्य क्षणभर डोळे मिटून बसतो, ती वाळू एका बुडालेल्या गावाची असून तिच्यामागची सावली वेठीला राबलेल्या माणसांच्या श्रमातून उभी राहिली आहे.

याच किनाऱ्याला एक धार्मिक इतिहासही आहे. हेलेना नावाच्या स्वीडनमधील एका साध्वीची हत्या झाली, तिचा देह एका शिळेवर तरंगत समुद्र ओलांडून येथे लागला आणि जेथे तो लागला तेथे झरा फुटला, अशी आख्यायिका आहे. त्या झऱ्याचे पाणी घेण्यासाठी आणि तिच्या मानलेल्या समाधीवर रात्र काढण्यासाठी सेंट जॉनच्या रात्री, म्हणजे जूनमधील उन्हाळी संक्रमणाच्या सुमारास, आजारी माणसे दुरून येत; धर्मसुधारणेनंतर संतपूजेला अधिकृत स्थान उरले नाही, तरी लोकांची वाट मोडली नाही. 1835 च्या उन्हाळ्यात बावीस वर्षांचा सरेन किर्केगॉर, ज्याला पुढे अस्तित्ववादी विचाराचा आद्य प्रवर्तक मानले गेले, शेजारच्या गिललाय या कोळ्यांच्या गावी राहिला होता, आणि तेथून तो तिसविल्डलाही जाऊन आला. समुद्रावरच्या एका उंच टोकावर एकटे उभे असताना आपल्या गेलेल्या आप्तांची आठवण कशी दाटून आली, हे त्याने रोजनिशीत नोंदवले आहे. त्याच मुक्कामातील ऑगस्टच्या एका नोंदीत तो असे मांडतो की आपल्याला काय जाणायचे आहे हा खरा पेच नसून काय करायचे आहे हा आहे, आणि जगावे व मरावे असे स्वतःचे सत्य सापडले पाहिजे. हा विचार त्याला एकान्तात सुचला असला तरी तो पुढे एकान्तात राहिला नाही. कोपनहेगनला परतल्यावर रस्त्यातल्या साध्यासुध्या माणसांशी बोलत रोज पायी फिरणे हा त्याच्या जीवनक्रमाचा भागच झाला.

एकान्त आणि लोकवस्ती यांमधली हीच ये-जा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या भूगोलात अधिक ठसठशीत दिसते. खुलताबादजवळच्या शूलीभंजन डोंगरावर, देवगिरीच्या जनार्दनस्वामींच्या आज्ञेने, एकनाथांनी अनुष्ठान केले; पण ते त्या डोंगरावर राहिले नाहीत, पैठणला परतून त्यांनी संसार केला आणि दार सर्वांना उघडे ठेवले. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी लिहिलेली टीका ‘एकनाथी भागवत’ नावाने 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली, आणि त्या स्कंधात एका अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांपैकी कुमारीच्या कांकणांची कथा सर्वश्रुत आहे: भात कांडताना कांकणे किणकिणतात म्हणून ती एकेक उतरवते, आणि हातात एकच उरते तेव्हा आवाज थांबतो. त्याच अध्यायातील सर्पाकडे मात्र वाचकांचे लक्ष कमी जाते. सर्प स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो, आणि घर उभारण्याच्या दुःखातून सुटतो. कांकणाची कथा सोबत्यांच्या त्यागाची आहे आणि सर्पाची मालकीच्या त्यागाची, आणि भागवतकारांनी त्या एकाच अध्यायात जवळजवळ ठेवल्या आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याने एकटे, एकान्तात राहावे असे सांगणाऱ्या श्लोकातच ‘अपरिग्रह’ हे विशेषण आले आहे. अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडचा संचय न करणे, वस्तूवर हक्काचा हात न ठेवणे. या सान्निध्याला योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. बंदिस्त बंगल्याच्या मागच्या खाजगी किनाऱ्यावर शांतता असेल, पण तिला या अर्थाने एकान्त म्हणता येणार नाही, कारण ती दुसऱ्याला वगळून मिळवलेली आहे.

स्वीडनमध्ये ‘आलेमान्सरेत्तेन’ नावाचा एक संकेत आहे, आणि 1994 च्या संविधानदुरुस्तीत निसर्गात जाण्याच्या या सर्वांच्या हक्काचा उल्लेख झाला. जमीन कोणाचीही असो, तेथून पायी जाता येते, पोहता येते, रानातली फळे व अळंबी गोळा करता येतात, एखादी रात्र तंबू टाकता येतो. मात्र घराच्या अंगणात शिरता येत नाही, पिके तुडवता येत नाहीत, झाडाला इजा करता येत नाही, आणि मुक्काम लांबवता येत नाही. पाण्याच्या काठापासून साधारणतः शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. नॉर्वेने 1957 मध्ये असाच हक्क कायद्यात लिहिला. धर्माचे नाव न घेताही या व्यवस्थेने सर्पाचा धडा नागरी जीवनात उतरवला आहे, कारण पाहुणा म्हणून सर्वांचा हक्क आणि कायमचा म्हणून कोणाचाच नाही, हे तिचे सूत्र आहे. आता साधनास्थळाकडे परत येऊ. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाश्यात सिद्ध केलेल्या गीताटीकेच्या सहाव्या अध्यायात साधनास्थळाचे जे वर्णन केले आहे, ते मराठीतील सर्वांत सुंदर स्थळवर्णनांपैकी एक आहे: बसल्यावर उठावेसे वाटू नये, एखाद्या विलासी राजालाही राज्य सोडून तेथेच राहावेसे वाटावे, झाडे दाट आणि नित्य फळती असावीत, झरे पावलोपावली असावेत, वारा मंद आणि ऊन सौम्य असावे, श्वापदांची वर्दळ नसावी, एखादा कोकीळ कधीमधी यावा. पण हे स्थळ तेथे आयते सापडलेले आहे. त्याची झाडे कोणी राखली याचा विचार त्या वर्णनात नाही, आणि तिसविल्डची वाळू नेमकी तेथे बोट ठेवते.

हा विचार भारतीय परंपरेत कोणी केलाच नाही, असे मात्र नाही; तो बौद्धांनी केला, आणि त्याचा पुरावा संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडच्या उंबरठ्यावर आहे. सिल्लोडहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठा गाव ओलांडून घाट उतरतो, आणि खाली वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर लेणी कोरलेली आहेत. काही इसवी सनापूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकातील, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळची. बाराव्या क्रमांकाच्या विहारातील खोल्या पाहाव्यात: चौकोनी, खिडकी नसलेली, आणि भिंतीला लागून दगडातच कोरलेले दोन ओटे, एवढेच. तेथे स्वतःचे म्हणून काही मांडायला जागाच नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, विहारासाठी जागा गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी, दिवसा गर्दी नसावी व रात्री गोंगाट नसावा, असे निकष आहेत. आणि त्याच ग्रंथात आराम, विहार, त्यांच्या जागा, मंचक व आसने, धातूची भांडी, तसेच वेली, बांबू, गवत यांसारखी सामग्री कोणालाही देऊन टाकता येणार नाही व आपसात वाटूनही घेता येणार नाही, अगदी संघालासुद्धा, असा नियम आहे. पश्चिम भारतातील लेण्यांच्या दानलेखांत दान ‘चातुर्दिश संघा’ला दिलेले आढळते, म्हणजे चारही दिशांनी आलेल्या आणि पुढे येणाऱ्या भिक्षूंना. दाता जागा देतो, घेणारा मालक होत नाही, आणि पुढचा वाटसरू हक्काने ओट्यावर झोपतो. एकान्ताच्या मालकीच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण आहे. सह्याद्रीतील देवरायाही याच वळणाच्या आहेत: रान देवाच्या नावे असते, आणि म्हणून त्यातली काटकी कोणी घरी नेत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. एकान्त सर्वांचा झाला तर तो कोणाचाच राहत नाही. अजिंठ्याच्या फर्दापूर फाट्यावर खाजगी गाड्या थांबवून प्रवाशांना बसने लेण्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था करावी लागली. आक्षेप खरा आहे, पण तो मालकीच्या बाजूने वळवला जाऊ नये. विनयातही शयनासने वाटून देण्यासाठी संघाने नेमलेला भिक्षू असे, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या मुक्कामात, कोणी कोठे राहावे हे तो ठरवी, आणि मुक्काम संपला की जागेवरचा हक्कही संपे. गर्दीवरचा हा उपाय पाळीचा आहे, कुंपणाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, समुद्रकाठ, वाहते पाणी, हवा आणि जंगले ही शासनाची मालमत्ता नसून शासन त्यांचे जनतेसाठी विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले, आणि तेथे न्यायालयाने आधार घेतला तो प्राचीन रोमन विचाराचा. चातुर्दिश संघाचा आधारही घेता आला असता.

सिल्लोड तालुक्याला समुद्र नाही; वाळू आहे ती पूर्णेच्या पात्रात, आणि तेथे ती ब्रासच्या मापाने मोजली जाते. वाळू हा नदीचा स्पंज आहे. ती पावसाचे पाणी धरते आणि उन्हाळ्यात काठच्या करंज-जांभळांना व विहिरींना पुरवते. उपसा खोल गेला की आधी विहिरी आटतात, मग काठची झाडे वठतात, आणि पात्रात उघडा खडक व खड्डे राहतात. श्वेताश्वतर उपनिषदाने साधनास्थळातून वाळू वगळली होती. अशा पात्रात ती लिलावाने आणि चोरट्या उपशाने वगळली जाते, आणि तिच्याबरोबर पाणी, सावली व एकटे बसण्याची जागाही जाते.