सोसण्याचा सल्ला



पावसाने जोर धरला की आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला, राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूला, भाताची आवणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून राहायचे, मान वर करायची ती भाकरीच्या वेळी. इकडे प्रवरेच्या काठाला ऊस, कांदा, टोमॅटो. इथेही वाकणे आणि उचलणे कोणाला चुकलेले नाही. त्यामुळे कंबरदुखी घरोघरी आहे, आणि घरोघरी आहे म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी मिस्सानंतर आमच्याकडे आली. कंबरेतून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते, अंगठा बधिर झाला आहे, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असे तिने सांगितले. आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणालो, "ताई, हा तुमचा क्रूस आहे. प्रभूच्या दुःखाला जोडून सोसा." तिने मान डोलावली आणि सोसत राहिली. पुढे पाऊल वर उचलता येईना, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेले. शस्त्रक्रिया झाली, कळ थांबली, पण पाऊल पूर्ववत झाले नाही. आजही ती पाय ओढत चर्चला येते आणि हसून "जय येशू, फादर" म्हणते. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. पण आम्ही दिलेला सल्ला बरोबर होता का, हा प्रश्न आमचा पाठलाग सोडत नाही.

आधी आजाराविषयी. कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. ती सरकली वा फाटली की शेजारून पायाकडे जाणारी नस दाबली जाते. दुखते पोटरीत, मुंग्या येतात बोटांत, बिघाड मात्र कंबरेत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाचा १६४१ सालचा ग्रंथ आम्हाला होता. त्यात हेच उदाहरण आहे: पायापासून मेंदूपर्यंत गेलेली नस मध्येच कुठे ओढली गेली, तरी माणसाला वेदना पायातच वाटते. परीक्षेपुरते आम्ही ते पाठ केले. ती भगिनी समोर उभी राहिली तेव्हा काही आठवले नाही.

कळेपेक्षा बधिरपणा अधिक गंभीर. दुखायचे कमी झाले म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण कळ कमी होऊन बधिरपणा वाढत असेल, तर नस आणखी दबत असू शकते. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हे आपल्याकडे फार पूर्वीपासून पाहायला मिळाले आहे. त्यांची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना नसल्यामुळे. भाजले, कापले तरी कळत नाही, जखम चिघळत जाते. म्हणून बधिर पायाला गरम विटेने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. कातडी भाजेल आणि कळणारही नाही.

कुष्ठरोग्यांची गोष्ट निघाली की बाबा आमटे आठवतात. ज्यांना वेदना जाणवत नव्हती अशांसाठी त्यांनी आनंदवन उभारले, आणि त्यांच्या स्वतःच्या पाठीच्या कण्याने त्यांना आयुष्याची कित्येक वर्षे छळले. त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तरी १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा ते तिच्यात होते, गाडीत आडवे पडून. आम्हाला यात त्यांच्या सोसण्याइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते: त्यांनी पाठीचे दुखणे लपवले नाही, आणि सोबतच्यांनी त्यांच्या आडवे पडण्याला आळस म्हटले नाही. आपल्या घरची सून दुपारी घटकाभर आडवी झाली तर आपण काय म्हणतो?

ख्रिस्ती माणसाने वेदना सोसावी की नाही? पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते, की वेदनाशामक औषध घेण्यात पाप नाही. कोणी स्वेच्छेने वेदना स्वीकारली तर तो त्याचा मार्ग, पण ते सर्वांवर बंधन नाही. क्रूसावर प्रभूने बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, असे आम्हाला कोणी सांगेल. खरे आहे. पण तो त्याने स्वतः नाकारला. दुसऱ्या कोणाच्या ओठांपासून दूर केला नाही. सोसण्याचा निर्णय ज्याचा त्याने आपल्यापुरता घ्यायचा असतो. आम्ही तो त्या भगिनीच्या वतीने घेतला, तोही दुखत नसलेल्या कंबरेने ताठ उभे राहून. तपःकाळात दर शुक्रवारी आपण क्रूसाची वाट करतो. पाचव्या स्थानाशी कुरेनेकर शिमोन पुढे होतो. प्रभूचा क्रूससुद्धा शेवटपर्यंत त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हता.

मग करावे काय? कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. साधी उसण बहुधा आपोआपच जाते, श्रेय पायाळूला मिळते. त्यात आमची तक्रार नाही. पण पाय बधिर असेल तर कंबर तुडवून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गादी सरकलेल्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. त्या काळात अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तेवढे चालावे, ओझे मात्र उचलू नये. हे शेवटचे घरच्यांसाठी आहे, कारण हंडा कोणीतरी उचलायचाच असतो. दोन्ही तळपाय मोजे घातल्यासारखे बधिर वाटत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि पाऊल लुळे पडले, बसण्याची जागा बधिर झाली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. उद्यावर ढकलू नये. चर्चच्या पत्रकात असे शब्द शोभत नाहीत असे काहींना वाटेल. पण आपल्या आयाबहिणी शरमेने नेमके हेच सांगत नाहीत.

एक सूचना. येत्या रविवारपासून चर्चमध्ये उजव्या भिंतीलगत काही खुर्च्या ठेवलेल्या असतील. ज्यांना सतरंजीवर बसता येत नाही, गुडघे टेकता येत नाहीत, त्यांनी तिथे बसावे, वय कितीही असो. धडधाकट दिसणारा एखादा तरुण तिथे बसलेला दिसला तर त्याला कारण विचारू नये.

आपला,
धर्मगुरू