रिडीम: सोडवणूक कोणाकडून?

इंग्रजीतला ‘रिडीम’ हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ परत विकत घेणे. सोनाराकडचे गहाण दागिने सोडवणे, कूपन देऊन वस्तू घेणे आणि ख्रिस्ताने मानवाचा उद्धार करणे, तिन्ही व्यवहारांना हाच शब्द. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्याच्या किमतीचा. मराठी बायबलात त्याला ‘खंडणी’ म्हटले आहे.

रूपक अक्षरशः घेतले की प्रश्न उभा राहतो: खंडणी घेतली कोणी? चौथ्या शतकातल्या न्यिसाच्या बिशप ग्रेगरीने उत्तर दिले, सैतानाने. ख्रिस्ताचा देह हे आमिष, आत दडलेले देवत्व हा गळ. सैतान माशासारखा फसला. देवाने फसवणूक करावी हे अनेकांना रुचले नाही, आणि ते साहजिकच होते. 1098 च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्मने सैतानाला व्यवहारातून वगळले. कर्ज देवाचेच, फेडायचे माणसाने, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून फेडणारा देव-मानव. पुढे धर्मसुधारक कॅल्विनने कर्जाऐवजी शिक्षेवर भर दिला: दोषींच्या जागी निर्दोष बदली उभा राहिला.

मराठी ख्रिस्ती उद्धाराला ‘तारण’ म्हणतात. बँकेत कर्जासाठी ठेवतात तेही तारणच.